उलुरू आणि पाहुण्याची मर्यादा

आपल्या विद्यालयाच्या वसतिगृहातून बाहेर पडलेली मुले-मुली आज पुण्या-मुंबईपासून मेलबर्न-सिडनीपर्यंत पोहोचली आहेत. ज्यांच्या आजोबांना शेजारच्या गावच्या पाणवठ्यावर उभे राहण्याचीही मुभा नव्हती, त्यांची नातवंडे आज पासपोर्ट हाती घेऊन देशोदेशी हिंडतात, ही शिक्षणाची किमया आहे आणि तिचा आपणा सर्वांना सार्थ अभिमान आहे. प्रवास हे आपल्या समाजाला अगदी अलीकडे गवसलेले स्वातंत्र्य होय. मात्र जेथे आपण जातो, ती भूमी कोणाची आहे, तिच्याशी कोणाचा इतिहास जडलेला आहे आणि तेथे आपले पाऊल कोठे थांबले पाहिजे, याचा विचार पर्यटनाच्या माहितीपत्रकात सहसा नसतो. तो शाळेनेच शिकवला पाहिजे, अशी माझी धारणा आहे. त्यासाठी ऑस्ट्रेलियातील उलुरू या एका स्थळाचा इतिहास मी वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

ऑस्ट्रेलिया खंडाच्या मध्यभागी, नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशात, अॅलिस स्प्रिंग्ज या गावापासून रस्त्याने सुमारे ४५० किलोमीटरवर तांबड्या वाळूच्या सपाट माळावर वालुकाश्माची एक प्रचंड एकसंध शिळा उभी आहे. तिची उंची ३४८ मीटर आणि पायथ्याचा घेर ९.४ किलोमीटर आहे. खडकातील लोहाचा हवेशी संयोग होऊन तिला तांबूस रंग आलेला आहे आणि सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळी तो क्षणोक्षणी पालटतो. हे दृश्य पाहण्यासाठी दरवर्षी लाखो पर्यटक तेथे जातात. १९८७ साली युनेस्कोने या स्थळाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला तो निसर्गमूल्यासाठी. १९९४ साली त्याच स्थळाला सांस्कृतिक मूल्यासाठीही मान्यता मिळाली. या दोन तारखांमध्ये सात वर्षांचे अंतर आहे. जगाला आधी दगड दिसला, माणसे नंतर दिसली.

ती माणसे म्हणजे आनंगू. पित्जंत्जत्जरा आणि यांकुनित्जत्जरा या भाषा बोलणारे हे आदिवासी लोक. त्यांच्या दृष्टीने उलुरू हे देऊळ नव्हे आणि त्यात कोणी मूर्तीही नाही. त्यांच्या जीवनाचा पाया ‘चुकुर्पा’ या संकल्पनेवर उभा आहे. तिचे भाषांतर ‘स्वप्नकाळ’ असे करण्याची युरोपीय लेखकांना सवय होती, परंतु ते दिशाभूल करणारे आहे. चुकुर्पा म्हणजे सृष्टी कशी घडली त्याची कथा, माणसाने माणसाशी आणि भूमीशी कसे वागावे त्याचा कायदा, पाणी कोठे आहे आणि कोणती वनस्पती केव्हा खावी याचे ज्ञान, हे सारे एकत्र. लिपी नसलेल्या या समाजाने आपला कायदा आणि आपला भूगोल या शिळेच्या घळींत, कपारींत आणि डागांत वाचला आणि मुखोद्गत ठेवला. माला नावाचे पूर्वज येथे विधीसाठी आले. कुनिया ही अजगर स्त्री आणि लिरू हे विषारी सर्प यांचा संघर्ष मुतितजुलू पाणवठ्याजवळ झाला. या कथा आनंगू पाहुण्यांना मोकळेपणाने सांगतात. काही कथा मात्र ते सांगत नाहीत, कारण त्या ऐकण्याचा अधिकार वय, दीक्षा आणि जबाबदारी यांनी मिळतो.

आता इतिहास पाहू. १८७३ च्या जुलै महिन्यात विल्यम गॉस हा गोरा सर्वेक्षक येथे आला. त्याच्यासोबत कामरान नावाचा अफगाण उंटवाला होता. दोघे शिळेवर चढले आणि गॉसने दक्षिण ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे चीफ सेक्रेटरी सर हेन्री एअर्स यांच्या नावावरून तिला ‘एअर्स रॉक’ असे नाव दिले. हजारो वर्षे ज्या स्थळाला नाव होते, त्याला जणू प्रथमच नाव मिळाले, अशा थाटात पुढील शंभर वर्षांची पाठ्यपुस्तके लिहिली गेली. १९२० साली हा भाग आदिवासींसाठी राखीव ठेवलेल्या क्षेत्रात घालण्यात आला. पण पर्यटनाचा पैसा दिसू लागताच १९५८ साली उलुरू त्यातून वेगळे काढून राष्ट्रीय उद्यान करण्यात आले. चढणाऱ्यांच्या सोयीसाठी १९६० च्या दशकात शिळेत लोखंडी खांब ठोकून साखळी बसवली गेली. ज्यांची ती भूमी, त्यांनी मात्र पर्यटकांच्या नजरेआड राहावे, अशी व्यवस्थेची अपेक्षा होती.

याच पायथ्याशी १९३४ साली एक हत्या झाली. मॅककिनन नावाच्या गोऱ्या पोलिसाने योकुनुन्ना या आनंगू पुरुषाचा पाठलाग केला आणि मुतितजुलू पाणवठ्याजवळच्या गुहेत लपलेल्या त्या माणसावर गोळी झाडली. चौकशी झाली, पण पोलिसाला शिक्षा झाली नाही. योकुनुन्नाचे अवशेष अॅडलेडला नेले गेले आणि तेथील संग्रहात पडून राहिले. २०२२ साली ते उलुरूला परत आणून त्याच्या नातलगांनी मातीत ठेवले. आज पर्यटक ज्या शांत पाणवठ्याची छायाचित्रे काढतात, तो हाच. एखादे स्थळ पवित्र म्हणताना आपण केवळ पुराणकथांचा विचार करतो, परंतु त्या पावित्र्यात माणसांचे रक्त आणि शोकही मिसळलेला असतो, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

२६ ऑक्टोबर १९८५ हा दिवस आनंगूंच्या लढ्यातील मैलाचा दगड होय. त्या दिवशी गव्हर्नर जनरल सर निनियन स्टीफन यांनी भूमीचे मालकीपत्र आनंगूंच्या हाती दिले. पण त्याच समारंभात आनंगूंना ती भूमी राष्ट्रीय उद्यानासाठी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने सरकारकडे परत द्यावी लागली. चढाई बंद करण्याचे आश्वासन पंतप्रधान बॉब हॉक यांच्या सरकारने आधी दिले होते. ऐन वेळी ते मागे घेण्यात आले. म्हणजे मालकी मिळाली, पण ‘माझ्या घराच्या छपरावर चढू नका’ असे सांगण्याचा अधिकार मिळाला नाही. तरीही आनंगूंनी मार्ग सोडला नाही. चढणाऱ्यांना बळाने अडवण्याऐवजी त्यांनी पायथ्याशी फलक लावले. आमच्या कायद्यानुसार आम्ही येथे चढत नाही, आपणही चढू नये, अशी ती नम्र विनंती होती. १९९५ साली सांस्कृतिक केंद्र उभारून त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाला आपली बाजू समजावून सांगण्यास आरंभ केला. १९९० च्या दशकात बहुसंख्य पर्यटक चढत असत. २०१५ च्या सुमारास हे प्रमाण १६ टक्क्यांवर आले. नोव्हेंबर २०१७ मध्ये उद्यानाच्या व्यवस्थापन मंडळाने, ज्यातील १२ पैकी ८ सदस्य आनंगू असतात, एकमताने चढाई बंद करण्याचा ठराव केला आणि मालकीपत्र मिळाल्याच्या ३४ व्या वाढदिवशी, २६ ऑक्टोबर २०१९ रोजी, ती कायमची बंद झाली. चौतीस वर्षे समजावणे आणि वाट पाहणे, हा संयम लहान नव्हे. खेदाची गोष्ट अशी की, बंदीची तारीख जाहीर होताच अखेरच्या महिन्यांत ‘आता नाही तर कधीच नाही’ म्हणून चढणाऱ्यांची झुंबड उडाली.

आनंगूंची कारणे नीट ऐकली, तर त्यांत आडमुठेपणा कोठेच दिसत नाही. पहिले कारण असे की, चढाईची वाट ही माला पूर्वजांच्या विधीची वाट आहे. दुसरे कारण मला विशेष मोलाचे वाटते. आपल्या भूमीवर आलेल्या पाहुण्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी आपली आहे, असे चुकुर्पा सांगते. १९५० च्या दशकापासून या चढाईत किमान ३७ माणसे मृत्यू पावली. त्या प्रत्येक अनोळखी माणसासाठी आनंगूंनी शोक केला. ज्यांनी त्यांचे ऐकले नाही, त्यांच्याही मरणाचे दुःख त्यांनी आपले मानले. तिसरे कारण साधे आहे. शिळेवर स्वच्छतागृह नाही. हजारो माणसांची घाण पावसाबरोबर खाली वाहत येते आणि पायथ्याच्या पाणवठ्यांत उतरते. वाळवंटात पाणी म्हणजे काय, हे मराठवाड्यातील आणि विदर्भातील वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

हा विषय इयत्ता नववीच्या वर्गात मांडला असता एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, बाबासाहेबांनी महाडला बंदी मोडली, म्हणून आपण त्यांना मानतो. मग उलुरूची बंदी आपण का पाळायची?’ प्रश्न उत्तम होता आणि त्याचे उत्तर घाईने देता येत नाही. दोन्ही ठिकाणी ‘येथे येऊ नका’ असे म्हटलेले आहे. पण कोण म्हणते आणि कोणाला म्हणते, हे पाहिले पाहिजे. चवदार तळे सार्वजनिक होते. १९२३ चा बोले ठराव आणि त्यानंतर महाड नगरपालिकेने घेतलेला निर्णय यांनी ते अस्पृश्यांना खुले झालेले होते. तरीही २० मार्च १९२७ पर्यंत त्या पाण्याला आपल्या लोकांचा हात लागू दिला गेला नाही. जनावरांनाही जे मिळत होते, ते माणसांना केवळ जन्मामुळे नाकारले गेले. उलुरूची मर्यादा कोणाच्याही जन्मावर बोट ठेवत नाही. ती गोऱ्याला आहे, काळ्याला आहे, गरिबाला आहे आणि राजपुत्रालाही आहे. तिने कोणाचे पाणी, रस्ता, शाळा वा रोजगार हिरावला जात नाही. हिरावला जातो तो केवळ माथ्यावर काढलेला फोटो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, महाडला बंदी घालणारे बलवान होते. येथे मर्यादा सांगणारे ते आहेत, ज्यांना स्वतःच्याच भूमीवर शतकभर परके ठरवले गेले. महाडचा सत्याग्रह आणि उलुरूचा फलक या दोहोंमागे एकच मागणी आहे, ती म्हणजे आम्हाला माणूस म्हणून मोजा.

दुसरी शंका आपल्यातील बुद्धिवादी मंडळी उपस्थित करतात. दगडाला पवित्र मानणे ही अंधश्रद्धा नव्हे काय, आणि तिला मान देणे आपल्या प्रतिज्ञांशी सुसंगत आहे काय? माझे उत्तर असे की, आनंगू आपणास शिळेला नमस्कार करण्यास सांगत नाहीत, नवस बोलण्यास सांगत नाहीत, चुकुर्पावर विश्वास ठेवण्यासही सांगत नाहीत. ते एवढेच म्हणतात की, आमच्या जागी आमच्या रीतीने वागा. न मानणे आणि तुडवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सम्राट अशोकाने आपल्या बाराव्या शिलालेखात परक्या पंथाचाही यथोचित आदर करावा, जो केवळ आपल्याच पंथाचा गौरव करून दुसऱ्याची निंदा करतो तो आपल्याच पंथाची हानी करतो, अशा आशयाचा उपदेश केला आहे. धम्माचा स्वीकार केलेल्या राजाचे हे धोरण होते. ते आपणास अपरिचित असू नये.

तथापि एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ‘परंपरा आहे’ एवढ्याने कोणतीही गोष्ट आदरणीय ठरते, असे मी म्हणत नाही. असे म्हणणारा माणूस बाबासाहेबांचा अनुयायी होऊ शकत नाही. परंपरेने कोणाचे माणूसपण हिरावले जात असेल, तर तिच्याविरुद्ध उभे राहिलेच पाहिजे. उलुरूच्या परिसरात काही जागा केवळ पुरुषांच्या विधींसाठी आणि काही केवळ स्त्रियांच्या विधींसाठी राखलेल्या आहेत. स्त्रियांच्या जागी पुरुषांना मज्जाव आहे. ही विभागणी योग्य की अयोग्य, हा वाद आनंगू स्त्री-पुरुषांनी आपसांत घालावा. तीन दिवसांच्या तिकिटावर आलेल्या पर्यटकाला त्या वादाचा निवाडा करण्याचा अधिकार प्राप्त होत नाही.

मग पाहुण्याने वागावे कसे? प्रथम स्थळाला त्याच्या नावाने हाक मारावी. १९९३ साली ‘एअर्स रॉक / उलुरू’ असे जोडनाव अधिकृत झाले आणि २००२ साली क्रम बदलून ‘उलुरू’ आधी आले. आपण तर सरळ उलुरूच म्हणावे. सूर्यास्ताच्या जागी गर्दी करण्यापूर्वी सांस्कृतिक केंद्रात दोन तास घालवावेत आणि शक्य असल्यास आनंगू वाटाड्याबरोबर फिरावे. पायथ्याभोवतीची संपूर्ण वाट सुमारे १०.६ किलोमीटरची आहे. ऊन चढण्यापूर्वी ती चालून घ्यावी. या वाटेवर काही ठिकाणी छायाचित्र काढू नये, असे फलक आहेत. तेथील कपारींचा तपशील हा आनंगूंच्या धर्मग्रंथाचे जणू पान आहे आणि ते पान त्याच जागी, अधिकारी व्यक्तीनेच वाचायचे असते. फलक दिसताच मोबाइल खिशात ठेवावा. ‘एकच काढतो’ म्हणू नये. गावातल्या माणसांची छायाचित्रे त्यांच्या अनुमतीवाचून घेऊ नयेत. आठवण म्हणून मूठभर वाळू किंवा खडा उचलू नये. असे खडे नेलेल्या जगभरच्या पर्यटकांनी ते क्षमापत्रांसह टपालाने परत पाठवले आहेत आणि उद्यानाच्या कार्यालयात त्यांचा ढीग जमलेला आहे. आठवण न्यायची असेल, तर आनंगू कलाकारांकडून त्यांच्या हातची वस्तू विकत घ्यावी. प्रवेशशुल्काची घासाघीस करू नये. त्यातील चौथा हिस्सा आनंगूंकडे जातो.

येथवरचा उपदेश कोणताही सुजाण पर्यटक मान्य करील. परंतु माझे म्हणणे याहून थोडे पुढचे आहे. शिळेचा आदर करणे सोपे असते, शिळेच्या मालकांचा आदर करणे कठीण. मे २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाभरच्या आदिवासी प्रतिनिधींनी उलुरूजवळ जमून देशाला उद्देशून एक निवेदन केले. आमच्याविषयी कायदे करताना आमचा आवाज ऐकण्याची तरतूद संविधानात असावी, ही त्यातील प्रमुख मागणी होती. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी त्यावर सार्वमत झाले आणि सुमारे ६० टक्के मतदारांनी नकार दिला. एकाही राज्यात बहुमत मिळाले नाही. ज्या देशातील लोकांनी शिळेवर चढणे सोडले, त्याच देशाने शिळेच्या माणसांना संविधानात जागा दिली नाही. आदर जेव्हा केवळ पर्यटनापुरता उरतो, तेव्हा तो प्रतिनिधित्वाचा पर्याय होऊ लागतो. राखीव जागांचा आणि प्रतिनिधित्वाचा संघर्ष ज्यांच्या रक्तात आहे, त्या आपल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व घेतलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी याचा विचार करावा, अशी माझी विनंती आहे. आपण तेथे केवळ पर्यटक नाही, मतदारही आहात.

आणि घराकडेही थोडे पाहू. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात पोहोचला आणि त्याने भिंतीवरील चित्रावर आपले नाव व तारीख कोरून ठेवली. अजिंठ्याचा ‘शोध’ लावणारा म्हणून तो पुस्तकांत अमर झाला. गॉसने केले ते याहून वेगळे नव्हते. परंतु स्मिथनंतर लेण्यांच्या भिंतींवर नावे, बदाम आणि तारखा कोरणारे हात आपल्याच देशातले आहेत. बुद्धाच्या मूर्तीला टेकून छायाचित्र काढणारे, चैत्यगृहात आरोळी देऊन प्रतिध्वनी ऐकणारे, विहारात डबे उघडणारे सहलवाले आपण सर्वांनी पाहिले आहेत. तेव्हा आपणास जी वेदना होते, तीच आनंगूंची वेदना आहे. बोधगयेच्या महाविहाराच्या व्यवस्थापनात १९४९ च्या कायद्याने बौद्धांना निम्म्याच जागा दिल्या आणि अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे ठेवले, याविषयी आपण न्याय मागतो. ज्यांचे स्थळ, त्यांचा निर्णय, हे तत्त्व आपण बोधगयेसाठी मागत असू, तर उलुरूसाठी ते नाकारण्याचा आपणास अधिकार उरत नाही. गडचिरोलीच्या किंवा मेळघाटाच्या जंगलातील आदिवासींच्या देवराईत जातानाही तेच तत्त्व लागू होते.

विद्यालयाच्या सहली यापुढेही निघतील, आणि निघाव्यात. माझी सूचना एवढीच आहे की, सहलीच्या आदल्या दिवशी त्या स्थळाचे मालक कोण, ते काय सांगतात आणि कोठे थांबावयाचे, यावर प्रत्येक वर्गात एक तास व्हावा. पालकांनीही घरच्या प्रवासाआधी मुलांशी हे बोलावे. बसमध्ये बसण्यापूर्वी मुलांना एवढे कळलेले असले, तर पुढे ती जगाच्या कोणत्याही टोकाला गेली, तरी तेथील माणसांना त्यांच्या येण्याचा त्रास होणार नाही.